कुर्ल्यापर्यंत सगळं ठीक असतं

डोंबिवली ते कुर्ला अंतर ३३ किलोमीटरच्या आसपास. सकाळची फास्ट ते पाऊण तासाच्या आत कापते. कुर्ला स्टेशन ते वांद्रे-कुर्ला संकुलातलं, म्हणजे बीकेसीतलं, माझं ऑफिस जेमतेम तीन किलोमीटर. त्याला कधी वीस मिनिटं लागतात, कधी पाऊण तास, आणि मिठी नदी भरून आली की ते होतच नाही. मग उलटी गाडी पकडून घरी यायचं.

पुण्याचे नातेवाईक लग्नाकार्यात भेटले की दयेने विचारतात, "अजून त्या गर्दीतून जातेस?" त्यांना गर्दी म्हणजे लोकलची गर्दी एवढंच ठाऊक असतं. ती खोटी आहे असं मुळीच नाही. रेल्वेच्याच भाषेत एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकणारी माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि मेली, तेव्हा आमच्या डब्यात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच ढकलाढकली सुरू झाली. पेपरात कोणीतरी त्याला 'मुंबई स्पिरिट' म्हटलं. दुसरी गाडीच नसेल तर माणूस त्याच गाडीत चढतो, एवढं साधं आहे ते.

पण मला गाडीच्या बाजूने एक सांगायचं आहे. गाडीला तिचा रस्ता असतो. तिच्या रुळांवर कोणी मोटार उभी करून मेडिकलमध्ये जात नाही. म्हणून बारा डब्यांत कोंबलेली काही हजार माणसं कुर्ल्याला बऱ्यापैकी वेळेवर उतरतात. कुर्ला पश्चिमेला जिना उतरलं की ही माणसं 'वाहतूक' होतात. फूटपाथ आहे, पण तो फेरीवाल्यांचा, मोटरसायकलींचा आणि कधीकाळी खोदून तसाच ठेवलेल्या खड्ड्याचा. त्यामुळे सगळे रस्त्यातून चालतात. त्याच रस्त्यात रिक्षा, टेम्पो आणि बस. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री तिथून जवळच भरधाव बस गर्दीत घुसली आणि माणसं गेली. चर्चा झाली ती ड्रायव्हरच्या प्रशिक्षणाची. व्हायलाच हवी होती. तेवढी माणसं रात्री साडेनऊला भर रस्त्यात का चालत होती, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

बाहेर शेअर रिक्षावाले "बीकेसी, बीकेसी, एक सीट" असं ओरडत असतात. एक सीट म्हणजे मागे तीन बायका बसल्यावर पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसायची चौथी. ती नको असेल तर बेस्टची ३१० आहे, कुर्ल्याहून बीकेसीतून वांद्र्याला जाणारी. ३१० वर माझा जीव आहे. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं जातात, खिडकीची जागा मिळाली तर राजेशाही. पण ती ज्या रस्त्याने जाते त्याच रस्त्याने एकेका माणसाला घेऊन निघालेल्या मोटारीही जातात, आणि सिग्नलला दोघांची किंमत सारखीच. पन्नास जण एकाच्या मागे उभे.

मुंबईची सगळी ऑफिसं बेटाच्या दक्षिण टोकाला आणि माणसं उत्तरेला, हे दुखणं जुनं आहे. १९६५ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनी त्यावर उपाय सुचवला: खाडीपलीकडे नवं शहर वसवा, सरकारी कचेऱ्या तिकडे न्या, म्हणजे सकाळी सगळं शहर एकाच दिशेला धावणार नाही. १९७० मध्ये ते शहर वसवायला सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. मंत्रालय काही हललं नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून मनोरे उभे राहत होते. आणि मानखुर्दहून वाशीला लोकल गेली ती १९९२ मध्ये, तीही खर्चाचा दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला तेव्हा. पूल आधी, गाडी वीस वर्षांनी. त्या वीस वर्षांत तिकडे राहायला गेलेल्यांना मी ओळखते. माझी मामी वाशीत राहायची. तिच्या घरी जायचं म्हणजे एसटीने मुक्कामालाच जायचं, अशी आमच्याकडे रीत होती.

नरिमन पॉइंटवरचा भार हलका करायचा म्हणून मग वांद्रे-कुर्ला संकुल आलं. प्रदेशाचं नियोजन करायला १९७५ मध्ये जे प्राधिकरण स्थापन झालं, त्याच एमएमआरडीएकडे मिठीकाठच्या या दलदलीचा विकास सोपवला गेला. जागा बघा, अगदी नकाशावर बोट ठेवावं अशी: एका बाजूला पश्चिम रेल्वे, दुसऱ्या बाजूला मध्य आणि हार्बर. दोन्हीकडची माणसं इथे येऊ शकतील. आली पण. बँका आल्या, वकिलाती आल्या, हिरे बाजार आला, काचेच्या इमारती आल्या, सहा पदरी रस्ते आले. स्टेशन आलं नाही. संकुलाच्या पोटात पहिलं स्टेशन उघडलं ऑक्टोबर २०२४ मध्ये, भुयारी मेट्रो ३ चं. आरे, अंधेरीकडच्यांना त्याचा मोठा आधार झाला, आणि ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत सलग जाता येतं, हे मी मनापासून चांगलं म्हणते. पण मध्य रेल्वेच्या बाजूने येणाऱ्यांसाठी कुर्ला आणि बीकेसी जोडणारी मेट्रो २ब अजून बांधली जाते आहे. तोवर रिक्षातली चौथी सीट.

वाहतूक-नियोजन ज्याच्या नावावर आहे, त्यानेच इतकी मोठी कचेरी-वसाहत स्टेशनाशिवाय उभी केली आणि जवळजवळ पन्नास वर्षांत कोणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मला ते का वाटलं नसेल याचा अंदाज आहे. आराखडा करणारा माणूस ज्या वाहनातून साइट बघायला येतो, त्याच वाहनाचा रस्ता त्याच्या डोळ्यांसमोर असतो.

मध्यंतरी आमच्या ऑफिसात एक फॉर्म फिरला. पर्यावरण सप्ताह होता. 'शाश्वत प्रवासाला प्रोत्साहन' असं वर ठळक अक्षरात, खाली प्रश्न. आपण आठवड्यातून एक दिवस मोटार घरी ठेवण्याची शपथ घ्याल का? आपण सहकाऱ्यांसोबत मोटार वाटून घ्याल का? जवळच्या अंतरासाठी चालण्याचा विचार कराल का? जेवणाच्या टेबलावर आम्ही सात-आठ जणी होतो. अंबरनाथ, टिटवाळा, नालासोपारा, वाशिंद. टिटवाळावालीने डबा बंद करत विचारलं, "मोटार घरी ठेवायची म्हणजे आधी विकत घ्यायची ना? ती कोण देणार?" आणि आम्ही इतक्या हसलो की एचआरच्या मुलीला वाटलं आम्ही तिचीच टिंगल करतोय. बिचारी स्वतः विरारची.

विनोद बाजूला ठेवला तरी त्या फॉर्ममध्ये एक जुनी गफलत आहे. त्यात असं गृहीत धरलं आहे की लोक मोटारीने फिरतात आणि त्यांना समजावून सार्वजनिक वाहतुकीकडे वळवायचं आहे. दुसऱ्या एखाद्या शहरात ते खरं असेल. इथे एमएमआरडीएनेच सगळ्या प्रदेशाचा वाहतूक-अभ्यास करून घेतला होता, २००८ मध्ये तो पुरा झाला. त्यात निघालं की महामुंबईत होणाऱ्या एकूण फेऱ्यांपैकी साधारण निम्म्या पायी होतात. आणि पायी फेऱ्या वगळून उरलेल्यांत तीन चतुर्थांशांहून जास्त रेल्वे आणि बसने. मोटारीचा वाटा पाच टक्क्यांच्या आतबाहेर. त्यानंतर मोटारी वाढल्या, दुचाकी तर फारच वाढल्या. पण मुळात हे चालणाऱ्यांचं आणि लटकणाऱ्यांचं शहर आहे. जगातली शहरं जिथे पोचायची स्वप्नं बघतात तिथे आपण गरिबीमुळे आधीच जाऊन बसलो आहोत. आता आमच्यापुढे प्रश्न एवढाच आहे की थोडे पैसे हाताशी आल्यावर माणूस तिथून पहिल्या संधीला पळ काढणार की थांबणार.

आणि थांबावं असं आपण त्याला काय देतो?

२००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात स्पष्ट लिहिलं आहे की नियोजन वाहनं हलवण्याचं नको, माणसं हलवण्याचं हवं. वाक्य उत्तम आहे. आता रस्त्यावर बघू. मरीन ड्राइव्हहून वरळीला जाणारा किनारी मार्ग, १०.५८ किलोमीटर. महापालिकेने हजारो कोटी खर्चून बांधला, मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला केला. दुचाकींना मनाई, रिक्षांचा प्रश्नच नाही, बस धावते ती नावापुरती. म्हणजे मुख्यतः मोटारींसाठी. टोल? शून्य. त्याच महापालिकेच्या बेस्टने मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान भाडं पाच रुपयांवरून दहा केलं, एसीचं सहावरून बारा. भाडं वाढवू नये असं मी म्हणत नाही. २०१९ पासून पाच रुपये होते, डिझेल-पगाराचे आकडे मलाही कळतात. पण आमच्या इमारतीच्या सोसायटीत असा हिशेब कोणी मांडला असता, की पार्किंगवाल्यांना फुकट आणि नळावरून पाणी भरणाऱ्यांना दुप्पट, तर सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडाल्या असत्या.

बेस्टची गोष्ट काढली की मी जरा हळवी होते, हे कबूल. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी या शहरातली पहिली बस धावली. त्याआधी ट्राम होत्याच, घोड्यांच्या १८७४ पासून, विजेच्या १९०७ पासून. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला गेली. ट्रामचे रूळ काढले ते रस्ता मोकळा करायला. तो मोकळा रस्ता कोणी भरला हे सांगायला नको. पुढे बरीच वर्षं बेस्टची युक्ती अशी होती की वीजपुरवठ्यातला नफा बसच्या तोट्यात घालायचा. वीजदरांचे नियम बदलले, ती सोय गेली, आणि बसकडे एकदम 'तोट्यातला धंदा' म्हणून बघायला सुरुवात झाली. चार हजारांवर बस होत्या, त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. ज्या आहेत त्यातल्या बहुतेक कंत्राटदारांच्या. उड्डाणपूल तोट्यात गेला असं मात्र कधी वाचलं नाही. उड्डाणपुलाकडून कोणी नफ्याची अपेक्षाच करत नाही. तो 'पायाभूत सुविधा' असतो.

पायी चालणाऱ्यांसाठी आपण काय केलं? स्कायवॉक केले. पहिला २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला, स्टेशन ते कलानगर, मग इतरत्र. पावसात बरे पडतात, वरून फेरीवाले चुकवता येतात, हे खरं. पण दोन जिने चढून वर जायचं, अर्धा किलोमीटर चालून पुन्हा दोन जिने उतरायचं. माझ्या गुडघ्यांना ते जमतं अजून. मी बघते, भाजीची पिशवी आणि कडेवर पोर घेतलेली बाई खालून, मोटारींमधून वाट काढत जाते. रस्ता मोटारींना मोकळा करून देण्यासाठी माणसांना वर चढवलं, असा त्या पुलांचा अर्थ मला लागतो.

बीकेसीत सायकलचा मार्गही केला होता. खाली हिरवा रंग, कडेला खांब. थोड्याच दिवसांत त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या, चहावाले आले. आणि मग, सायकली कोणी चालवत नाही, असं म्हणून तो काढून ती जागा मोटारींना द्यायचं ठरलं. सायकली चालवत नाही हे बरोबर होतं. कुर्ला स्टेशनपासून संकुलाच्या हद्दीपर्यंत सायकल कुठून आणायची होती, ते कोणी सांगितलं नव्हतं. खरंतर या शहरात सायकल भरपूर चालते: डबेवाले, पाववाले, दूधवाले, इस्त्रीवाले. त्यांच्यासाठी मात्र कोणी रंग मारत नाही.

आता पॉड टॅक्सीचं घाटत आहे. वांद्रे आणि कुर्ला स्टेशनांमधून बीकेसीत, उंचावरून, एका डब्यात सहा माणसं. सहा! सकाळी नऊला कुर्ल्याला एका गाडीतून उतरणारी माणसं पाहिली आहेत का कोणी? मी तज्ज्ञ नाही, हिशेब चुकत असेल. पण त्याआधी एक स्वस्तातली गोष्ट करून बघता येईल. कुर्ला ते बीकेसी ते वांद्रे या रस्त्यावर एक पदर बससाठी राखून ठेवायचा, सकाळी तीन तास आणि संध्याकाळी चार तास. ना खांब रोवायचे, ना भूमिपूजन. रंग लागेल, आणि हवालदार. त्या वेळात कुर्ला स्टेशनपासून सिग्नलपर्यंतचा फूटपाथ खरोखर फूटपाथ राहील एवढं बघायचं. मोटारवाले ओरडतील. ओरडणारे थोडे असतात पण त्यांच्याकडे बऱ्याच लोकांचे मोबाइल नंबर असतात.

हे करायचं कोणी, हा पुढचा पेच. रेल्वे दोन, मध्य आणि पश्चिम, दोन्ही दिल्लीच्या. बस बेस्टची, ठाण्यात टीएमटीची, नवी मुंबईत एनएमएमटीची, आमच्याकडे केडीएमटीची. मेट्रो १ वेगळ्या कंपनीची, ३ वेगळ्या महामंडळाची, ७ आणि २अ एमएमआरडीएच्या छत्राखाली, नवी मुंबईतली सिडकोची. रस्ता महापालिकेचा, संकुलातला प्राधिकरणाचा, सिग्नल पोलिसांचा. या सगळ्यांना एका टेबलावर आणणारं एकीकृत प्राधिकरण २००८ पासून सरकारी कागदांवर आहे. मी डोंबिवलीहून निघून ऑफिसला पोचेपर्यंत यांतल्या निदान चार जणांच्या हद्दी ओलांडते. मला तो एकच प्रवास वाटतो. त्यांच्या लेखी मी चार वेगवेगळे प्रवासी आहे.

हद्दींचा हा खेळ ठाण्यापलीकडे आणखी कडक होतो, आणि त्याचं उदाहरण आमच्या घरातच आहे. माझा भाचा ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. डोंबिवलीहून ऐरोली नकाशावर शेजारी वाटावी इतकी जवळ. लोकलने जायचं तर ठाण्याला जायचं, पूल चढून ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांच्या, फलाटावर यायचं, मग उलट वळून ऐरोलीला. ठाण्याचा तो पूल सकाळी साडेआठला ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायची गरज नाही. यावर उपाय काय, हे रेल्वेला केव्हाच ठाऊक आहे: कळव्याहून थेट ऐरोलीकडे उन्नत मार्ग, म्हणजे कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला ठाण्याला जायलाच नको. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी-३ या मुंबईच्या लोकल रेल्वेसाठीच्या प्रकल्पात हा मार्ग आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन बांधून झालं, जानेवारी २०२४ मध्ये उघडलंही. ट्रान्सहार्बरच्या गाड्या तिथे थांबतात. कळव्याकडून येणारा जोड मात्र वाटेतल्या झोपड्यांच्या पुनर्वसनावर अडून बसला. त्या माणसांना घरं न देता हटवा असं मी म्हणणार नाही. पण समुद्रात साडेसोळा किलोमीटर लांबीचा पूल बांधून अटल सेतू पुरा करता येतो आणि कळव्याच्या काही घरांचा प्रश्न सुटत नाही, याला अभियांत्रिकीची अडचण कसं म्हणायचं?

भाच्याने गेल्या दिवाळीत बाईक घेतली. शिळफाट्याहून महापेमार्गे जातो. त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या वहिनीचा, त्या रस्त्यावरच्या ट्रेलरांच्या धास्तीने तो घरी पोचेपर्यंत घास उतरत नाही. मी एकदा त्याला बाईकने जाण्याबद्दल सुनवायला गेले. तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "आत्या, तू तुझं बीकेसीचं सांग. तुला उद्या कोणी स्कूटर दिली आणि कुर्ल्याला ठेवायला जागा दिली, तर नको म्हणशील?"

मी म्हटलं, "मला चालवता येत नाही."

"ते उत्तर नाही," तो म्हणाला.

नव्हतंच ते. मग मी त्याला बसच्या पदराचं सांगितलं, सकाळी तीन तास, संध्याकाळी चार. त्याने नीट ऐकून घेतलं. तसाच पदर शिळ-महापे रस्त्यावर कुठे बसेल, यावर मोबाइलवर नकाशा उघडून आम्ही बराच वेळ भांडलो. त्याचं म्हणणं, तिथे ट्रेलरांच्या वेळा आधी बांधून द्याव्या लागतील, नाहीतर बस त्यांच्याच मागे रखडेल. माझं म्हणणं, आधी बस तरी दर दहा मिनिटांनी असू दे. वहिनीने दोघांना पोहे दिले आणि विचारलं, कळव्याचं ते जोडाचं काम कुठवर आलंय.